खाल्लेलं लगेच अंगाला लागणाऱ्या घोडीला काय आणि किती घालावं?

नऊ वर्षांची घोडी, बांधा बुटका आणि रुंद, स्वारी आठवड्यातून दोनच दिवस. चंदी, म्हणजे रोजचं धान्य, दोन किलोवरून एक किलोवर आणून तीन महिने झाले, तरी पाठीवरची पन्हळ जात नाही आणि आयाळीखालची मान जाडच आहे. संध्याकाळी तीन-चार तास चरायला सुटते, रात्रभर समोर वाळलेलं गवत असतं. कुणीतरी "रात्रीचं गवत बंद करा" असं सुचवलंय आणि ते तुम्हाला पटत नाही. शिवाय खाणं कमी केलं तर अंगात काहीतरी कमी पडेल ही धास्ती आहेच. तुमच्या प्रश्नाचा मी लावलेला अर्थ हा असा.

रात्रीचं गवत बंद करणं तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे, त्याची कारणं पुढे सांगते. घोड्यांचा आहार ठरवणं हे माझं रोजचं काम. हडकुळ्या घोड्याला अंगावर आणण्यापेक्षा अशा घोडीला उतरवणं मला नेहमीच जास्त कटकटीचं वाटत आलंय. हडकुळ्या घोड्यासाठी सगळा तबेला मदतीला धावतो, आणि जाड घोडीला तोच तबेला गुपचूप खाऊ घालत असतो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे हिशेब एकात मिसळलेत. पहिला ऊर्जेचा, म्हणजे पोटात किती कॅलरी जातात. दुसरा वेळेचा, म्हणजे दिवसातले किती तास ती चघळत असते. तिसरा पोषणाचा, म्हणजे प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं. तिला उतरवायचंय ते फक्त पहिल्यात. बहुतेक लोक 'खाणं कमी' करतात तेव्हा तिन्ही एकदम कापतात. मग घोडी उपाशी, चिडचिडी आणि कुपोषित होते, आणि बरेचदा जाडीही हटत नाही. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं या तिघांना वेगळं ठेवण्यासाठीच.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. घोडी गाभण असेल किंवा अंगावर शिंगरू पीत असेल तर हे उत्तर तिच्यासाठी नाही. वय पंधराच्या पुढे असतं तर आधी कुशिंगची, म्हणजे उतारवयात होणाऱ्या संप्रेरकांच्या आजाराची, तपासणी करा असं म्हटलं असतं. आणि आज, आत्ता, तिचे पाय दुखत असतील तर आहार ही दुसरी गोष्ट झाली, पशुवैद्य पहिली. कठीण जमिनीवर पाऊल आखडून टाकते का, वळताना कुचमते का, खुरं गरम लागतात का, खुराच्या मागे वर शीर जोरात उडते का, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलते का, हे बघा. नालबंदालाही विचारा, की खुरांवरची वलयं टाचेकडे रुंद होत गेलीत का, तळव्याच्या पांढऱ्या रेषेत जुनं रक्त दिसतं का. नालबंदाला अशा गोष्टी मालकाच्या बऱ्याच आधी दिसलेल्या असतात, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

पायांबद्दल इतकं का सांगते, तर अशा घोड्यांच्या जाडीतला खरा धोका तिथेच आहे. यातल्या पुष्कळ घोड्यांमध्ये इन्सुलिनचं गणित बिघडलेलं असतं. साखर किंवा पिष्ट पोटात गेलं की इन्सुलिन गरजेपेक्षा कितीतरी वर चढतं आणि चढलेलं राहतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पोनींना शिरेतून इन्सुलिन देऊन त्याची पातळी सतत वर ठेवली, रक्तातली साखर मात्र नेहमीसारखीच राखली. तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे खूर आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारी पातळ पापुद्र्यांची वीण सुटायला नुसतं चढलेलं इन्सुलिनही पुरतं. तुमच्या घोडीची मान जाड आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पशुवैद्याकडून इन्सुलिनची तपासणी एकदा करून घ्याच. ठरावीक प्रमाणात साखरेचा पाक तोंडाने पाजून मग रक्त घेतात, ती चाचणी नुसत्या एका रक्तनमुन्यापेक्षा जास्त काही सांगते. निकाल बिघडलेला आला तर पुढचे सगळे नियम अधिक कडक होतात, चांगला आला तर थोडी मोकळीक मिळते. थायरॉइडचा संशय कुणी ना कुणी घेतंच. प्रौढ घोड्यांमध्ये थायरॉइड खरोखर कमी पडणं फार विरळा असतं, त्याच्या मागे लागू नका.

आता वजन. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. काटा नसला तरी साध्या टेपने काम भागतं. पुढच्या पायांच्या लगेच मागून, तंग बसतो त्या जागी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आणि आलेल्या आकड्याला ११,८८० ने भागा. उत्तर किलोमध्ये येतं. समजा घेर १७५ आणि लांबी १६० आली, तर वजन साधारण ४१२ किलो. दोन-पाच टक्के इकडेतिकडे होईल, पण आपल्याला वजन कोणत्या दिशेला चाललंय ते हवंय. पुढच्या हिशेबासाठी मी ४१० किलो धरते. तुमचा आकडा आला की त्या जागी घाला.

वजनासोबत हातानेही तपासा. डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली एक ते नऊ अंकांची शरीरस्थितीची मोजपट्टी जगभर वापरतात. मान, खोगिरापुढचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचा बुडखा अशा सहा ठिकाणी हात फिरवून चरबी जोखायची. पाचवर बरगड्या दिसत नाहीत, पण तळहात हलका फिरवला तरी लागतात. बोटं रुतवल्याशिवाय बरगडी लागत नसेल आणि पाठीच्या मध्ये पन्हळ असेल तर घोडी सात-आठवर आहे. मानेचा निकाल वेगळा ठेवा: आयाळीखालचा भाग मऊ असून हाताने डावी-उजवीकडे हलतो, की टणक होऊन उभा राहिलाय? टणक असेल तर इन्सुलिनबद्दलचा संशय वाढवा. आणि केसाळ, थंडीच्या दिवसांतल्या घोडीला नुसत्या नजरेने जोखायचा प्रयत्न करू नका, त्या केसांखाली काहीही लपतं.

आता तुमच्या तीन महिन्यांच्या कोड्याकडे येऊ. चंदी निम्मी झाली, तरी घोडी तशीच का? काम नसलेल्या ४१० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण १३ ते १४ मेगाकॅलरी (एक मेगाकॅलरी म्हणजे हजार किलोकॅलरी) लागतात, आणि तुमच्या घोडीसारख्या काटकसरी शरीराला त्याहूनही कमी. एक किलो ओट्समध्ये पावणेतीनच्या आसपास मेगाकॅलरी असतात. तेवढ्याच तुम्ही काढल्यात. वाळलेल्या गवताच्या शुष्क भागात, म्हणजे ओलावा वजा करून उरतं त्यात, किलोला साधारण दोन मेगाकॅलरी असतात. समोर हवं तितकं गवत असेल तर अशी घोडी वजनाच्या दोन-अडीच टक्के शुष्क भाग सहज खाते, पोनी तर त्याहूनही जास्त. अडीच टक्के धरले तर दहा किलो शुष्क भाग, म्हणजे वीस मेगाकॅलरी नुसत्या गवतातून, आणि त्यावर संध्याकाळचं चरणं वेगळं. चंदीतली कपात ती रात्रीच्या गवतातून भरून काढते, आणि त्यात तिची काही लबाडी नाही. भूक कमी असणं हा घोड्याचा स्वभावच नाही.

म्हणून चंदी एक किलोवर अडकवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. ती पूर्ण बंद करा. एक किलो ओट्स दहाएक मिनिटांत संपतात आणि एक किलो गवताला साधारण चाळीस मिनिटं लागतात. चंदी तुमच्या घोडीला ऊर्जा देते, वेळ देत नाही. आपल्याला नेमकं उलट हवंय. ओट्स, जव, मका, कोंडा, मळी घातलेलं तयार खाद्य, सगळंच यात आलं. कोंड्याला लोक 'हलका' समजतात. तो आकाराने हलका असतो, कॅलरीने नव्हे, आणि त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. एकदम बंद करायला जड जात असेल तर आठवड्याभरात उतरवत न्या. धान्य कमी करताना आतड्यातल्या जंतूंना त्रास होत नाही, वाढवताना होतो.

रात्रीच्या उपाशीपणाबद्दल. आपल्या पोटात आम्ल जेवणाच्या सुमारास जास्त सुटतं, घोड्याच्या पोटात ते चोवीस तास सुटत असतं, खाल्लं तरी आणि नाही तरी. त्याला शमवणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. सहा तासांच्या वर पोट रिकामं राहिलं की जठराच्या वरच्या भागाला व्रण होण्याचा धोका वाढायला लागतो. दुसरा धोका थेट जाड घोड्यांचाच. पोनी, छोट्या चणीचे घोडे आणि गाढवं यांना एकदम उपाशी ठेवलं तर शरीर साठवलेली चरबी इतक्या वेगाने रक्तात सोडतं की यकृत तिच्याखाली दबून जातं. हा आजार जीव घेतो, आणि जितकी घोडी जाड तितका तो जवळ. तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच बघाल: रात्रभर उपाशी राहिलेली घोडी सकाळी गवत चघळत नाही, गिळते. काही घोडे लाकूड कुरतडतात, काही अंथरुण खातात, काही लीद खातात.

तेव्हा गवत बंद नाही, गवत मोजून. सुरुवात आजच्या वजनाच्या दीड टक्के शुष्क भागापासून करा. ४१० किलोला ६.१५ किलो शुष्क भाग होतो. वाळलेल्या गवतात साधारण १२ टक्के ओलावा असतो, म्हणून काट्यावर ते सात किलो भरतं. सहा-आठ आठवडे नेमाने करूनही काहीच उतरलं नाही तर सव्वा टक्क्यावर या, म्हणजे पावणेसहा-सहा किलो. एक टक्का शुष्क भाग हा तळ. तिथे पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय जायचं नाही आणि त्याखाली तर मुळीच नाही. आणि कृपा करून गवत वजनकाट्यावर तोला. 'दोन पेंढ्या' किंवा 'एक कवळ' हे माप नव्हे. एकाच गंजीतल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पेंढ्यांत एक-दीड किलोचा फरक मी पुष्कळदा बघितलाय, आणि सात किलोच्या हिशेबात दीड किलो म्हणजे सगळा प्रयत्न पाण्यात. लटकवायचा आकडेवाला काटा घ्या, जाळी भरा, अडकवा, वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

कोणतं गवत, हा खरा कळीचा भाग. कोवळं, पानांनी भरलेलं, हिरवंगार, सुगंधी गवत बघून मालकाचं मन भरतं, पण ते तुमच्या घोडीसाठी नाही. फुलोरा येऊन गेल्यावर कापलेलं, दांड्यांचं, जून गवत शोधा. तंतू जास्त, कॅलरी कमी, आणि चघळायला वेळ जास्त. शुष्क भागाच्या किलोमागे दोनऐवजी पावणेदोन मेगाकॅलरी असल्या तरी सात किलोंत दिवसाला दीड मेगाकॅलरी वाचते, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त ओट्स, तेही तिच्या तोंडातला एक घासही न काढता. जून म्हणजे बुरशीचं किंवा धुळीचं नव्हे, तेवढं बघा. ओट्स किंवा जवाचं दाण्यांसकट वाळवलेलं गवत असेल तर सावध राहा, त्या कणसांत पिष्ट असतं. लसूणघासात साखर कमी असते, पण ऊर्जा आणि प्रथिनं भरपूर. तो मूठभर ठीक, मुख्य चारा म्हणून नको.

गवतातली साखर डोळ्यांना दिसत नाही. पिवळं, रखरखीत गवतही गोड असू शकतं, कारण साखर किती राहणार हे कापणीच्या वेळच्या हवामानावर आणि गवताच्या जातीवर ठरतं. चारा तपासणारी प्रयोगशाळा हाताशी असेल तर दहा-पंधरा वेगवेगळ्या पेंढ्यांच्या आतून थोडं थोडं काढून एकत्र नमुना द्या. साखर आणि पिष्ट मिळून शुष्क भागाच्या दहा ते बारा टक्क्यांच्या आत असेल तर इन्सुलिनची अडचण असलेल्या घोडीलाही ते चालतं.

तपासणी शक्य नसेल तर भिजवा. गार पाण्यात तासभर किंवा कोमट पाण्यात अर्धा तास, पाणी भरपूर, मग निथळून लगेच खायला. किती साखर उतरेल हे गवतागणिक वेगळं, कधी पुष्कळ, कधी निराशा होईल इतकी थोडी, म्हणून भिजवलं की निर्धास्त झालो असं समजू नका. वजन करायचं ते भिजवण्याआधी. पाण्यासोबत थोडा शुष्क भागही वाहून जातो, म्हणून भिजवलेलं गवत देत असाल तर मात्रा तळाला नेऊ नका. उष्ण हवेत रात्रभर भिजत ठेवायचं नाही, ते आंबतं. आणि ते तपकिरी पाणी घोडीच्या तोंडाला लागू देऊ नका, काढलेली साखर त्यातच आहे. वाफ दिल्याने धूळ आणि बुरशी कमी होते, साखर फारशी नाही; लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

काड हा मला आवडणारा उपाय आहे, पण प्रत्येक घोड्याला मी तो सांगत नाही. गव्हाचं किंवा ओट्सचं स्वच्छ काड गवताच्या एक-चतुर्थांश ते फार तर एक-तृतीयांश जागी घातलं तर कॅलरी उतरतात आणि तोंड चालू राहतं. त्याला अटी आहेत. दात चांगले हवेत आणि नुकतेच तपासलेले हवेत, पाणी हवं तेव्हा आणि हवं तितकं हवं, आणि बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. पूर्वी आतडं तुंबून पोटशूळ झालेला असेल तर हा मार्ग सोडा. नुसत्या काडावर कुणालाही ठेवायचं नाही. जाता जाता, तुमच्या ठाणात अंथरायला काड वापरत असाल तर ती ते रात्री खात असणार. हिशेबात धरा, नाहीतर लाकडाचा भुसा अंथरा.

आता वेळेचा हिशेब. सात किलो गवताला चाळीस मिनिटांच्या दराने पावणेपाच तास लागतात. उरलेले एकोणीस तास ती काय करणार? इथे बारीक भोकांची जाळी कामाला येते. तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या भोकांची जाळी लावली की तेवढंच गवत खायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. पहिल्याच दिवशी सगळं गवत बारीक जाळीत कोंबू नका. उपाशी घोडी जाळीवर चिडते, दातांनी ओढते, मान आखडते. पहिला आठवडा निम्मं मोकळं, निम्मं जाळीत. मग शिकते. नाल मारलेल्या घोडीची जाळी जमिनीवर किंवा लोंबती ठेवायची नाही, नाल अडकून पाय मोडायची वेळ येते. छातीच्या उंचीवर घट्ट बांधा किंवा झाकणाच्या पेटीत घट्ट बसवा.

सात किलोंची वाटणी मी साधारण अशी करेन: सकाळी दीड, दुपारी एक, संध्याकाळी दीड आणि रात्री झोपण्यापूर्वी तीन, तीही दोन जाळ्यांत, ठाणाच्या दोन कोपऱ्यांत. सगळ्यांत मोठा वाटा रात्रीला, कारण सगळ्यांत लांब खंड रात्रीचा. तुमच्या सोयीने आकडे बदला, दोन खाण्यांमधला रिकामा वेळ चार-सहा तासांच्या वर जाऊ नये एवढंच बघा. स्वारीआधी अर्धा-एक किलो गवत त्यातलंच द्या. रिकाम्या पोटी दौड केली की आम्ल वर उसळतं.

चरण्याबद्दल मात्र तुमच्या दिनक्रमात मोठा बदल हवा, आणि तो जड जाईल, कारण संध्याकाळची वेळ तुमच्या सोयीची दिसते. गवत दिवसभर उन्हात साखर बनवतं आणि रात्री ती वाढीसाठी खर्च करतं. म्हणून पहाटे साखर सर्वांत कमी आणि दुपार सरताना ते संध्याकाळी सर्वांत जास्त. तुम्ही तिला नेमकी त्याच वेळी सोडता. तीन-चार तास हे कमी वाटतात, पण वेळ मर्यादित आहे हे कळलं की घोडी मान वर न करता, दुप्पट वेगाने चरते. पहाटे सोडा, ऊन चढायच्या आत आत घ्या. याला एक अपवाद: रात्री कडक थंडी पडली तर गवताची वाढ थांबते, साखर खर्चच होत नाही, आणि मग सकाळचं ऊन त्यात भर घालतं. अशा दिवशी कुरण बंद. पाण्याविना सुकलेलं आणि खुरटं, जमिनीलगत खाल्लेलं गवतही फसवं. तिथे काही उरलं नाही असं वाटतं, पण साखर बुडख्यातच साठलेली असते आणि तोच ती खात असते.

चरण्याचं मुसकं हा माणसांना क्रूर आणि घोड्यांना बऱ्यापैकी चालणारा प्रकार आहे. खाली एक छोटं भोक असतं, त्यातून गवताची टोकं येतात. पोटात जाणारं गवत परिस्थितीनुसार ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतं, आणि घोडी हिंडते, सोबतीत राहते. पाणी त्यातून पिता येतं का ते पहिल्या दिवशी उभं राहून बघा, नाक-हनुवटी घासली जाते का ते रोज बघा, आणि चोवीस तास घालू नका, काही तास ते उतरलेलंच हवं. मुसकंही जमत नसेल तर कुरणाच्या कडेने गवत नसलेली पट्टी आखून घ्या, पाणी एका टोकाला आणि मोजलेलं गवत दुसऱ्या टोकाला. चालणं आपोआप होतं. लॅमिनायटिस होऊन गेलेला असेल किंवा इन्सुलिनचा निकाल वाईट आला तर हिरवं कुरण काही काळ पूर्ण बंदच, मुसक्यासकटही नको.

तुमची धास्ती पोषणाबद्दल होती, आणि ती रास्त आहे. वाळलेल्या गवतात लोह भरपूर आणि तांबं, जस्त, सोडियम बरेचदा कमी असतं. ई जीवनसत्त्व तर वाळवताना आणि साठवताना बहुतांशी जातंच. भिजवल्यावर आणखी काही खनिजं पाण्यात जातात. ४१० किलोच्या घोडीला दिवसाला साधारण ८० मिलिग्रॅम तांबं आणि ३२० मिलिग्रॅम जस्त लागतं, ई जीवनसत्त्वाची किमान ४०० एककं, आणि वीसएक ग्रॅम साधं मीठ. घाम येत असेल तर मीठ जास्त. यासाठी कमी कॅलरीचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण किंवा प्रथिनांसकट येणारी 'बॅलन्सर' गोळी घ्या. निवडताना पोत्यावरची सुंदर घोडी न बघता मागचा तक्ता वाचा: रोजची मात्रा किती आणि त्या मात्रेत तांबं-जस्त किती. शंभर ग्रॅमची मात्रा सांगणारं मिश्रण अर्धा किलोच्या बॅलन्सरपेक्षा कॅलरीत स्वस्त पडतं, पण गवत फार जून असेल तर प्रथिनांसाठी, विशेषतः लायसिन या प्रथिनघटकासाठी, बॅलन्सर बरा. सेलेनियम दोन ठिकाणांहून देऊ नका. पुरेसं आणि विषारी यांतलं अंतर त्यात फार थोडं आहे. मिश्रण खायला घालण्यासाठी मूठभर भिजवलेला, मळी न घातलेला बीटचा चोथा पुरतो. तोबऱ्यात तेवढंच असलं तरी बाकीच्यांच्या चंदीच्या वेळी तिलाही काहीतरी मिळतं आणि आरडाओरडा थांबतो. जाड मान उतरवणाऱ्या पावडरी बाजारात येतात, त्यांच्यामागे ठोस पुरावा मला कधी दिसलेला नाही. ते पैसे गवताच्या तपासणीवर घाला.

व्यायामावर थोडक्यात. पाय निरोगी असतील तरच, आणि आठवड्यातल्या दोन मोठ्या दिवसांऐवजी पाच छोटे दिवस. अर्धा तास, त्यातला बराचसा भाग चांगल्या दुडकीत. वेळ नसेल त्या दिवशी हाताने चालवा किंवा लांब दोरीवर फिरवा. नुसत्या व्यायामाने ती बारीक होणार नाही, पण इन्सुलिन ताळ्यावर यायला याची मदत होते. थंडीत झूल घालत असाल तर निरोगी, केसाळ, जाड घोडीची झूल काढा. अंग गरम ठेवायला ती स्वतःची चरबी वापरू दे. आणि येता-जाता गाजर, सफरचंद, पाव देणाऱ्या सगळ्यांना एक डबा दाखवा: दिवसाचा खाऊ म्हणजे एवढे चार पातळ काप, डबा रिकामा झाला की संपलं. मनाई केली की लोक लपून देतात, डबा ठेवला की मोजून देतात.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं, म्हणजे तुमच्या घोडीत दोन ते चार किलो, तर वेग बरोबर आहे. त्याहून भराभर उतरू लागली, खाणं टाकलं किंवा मलूल दिसली, तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा. दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी छातीचा घेर आणि पोटाचा सर्वांत मोठा घेर लिहून ठेवा, महिन्याला एक फोटो त्याच जागी उभी करून काढा. पोटाचा घेर आधी हलतो. मान सगळ्यात शेवटी, आणि कधी कधी पूर्ण जातही नाही, म्हणून मानेकडे बघून निराश होऊन गवत आणखी कापू नका. पहिल्या तीन-चार आठवड्यांत आकडे जागेवरच राहिले तर आधी गळती शोधा: शेजारच्या ठाणातून ओढून खाते का, मोतद्दार मायेने एक कवळ जास्त टाकतो का, मुसक्याचं भोक कुरतडून मोठं झालंय का. मात्रा कमी करायची ती त्यानंतर.

बरगड्या हलक्या हाताला लागू लागल्या, अंक पाच-साडेपाचवर आला, की सात किलो गवत एकदम मोकळं करू नका. आठवड्याला अर्धा किलो वाढवत जा आणि टेपचा आकडा स्थिर राहतो ती मात्रा पकडा. अशा घोड्यांत ती बहुधा नव्या वजनाच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. चंदी तेव्हाही नाहीच. काम वाढलं, घाम येऊ लागला, तर आधी गवत वाढवा, मग मीठ. इन्सुलिनची तपासणी वजन उतरल्यावर पुन्हा करा. निकाल सुधारलेला आला तर पहाटेच्या चरण्याचा वेळ थोडा वाढवून बघता येईल, न सुधारता तसाच राहिला तर मुसकं कायमचं आणि औषधाबद्दल पशुवैद्याशी बोलणं, हे दोन्ही त्याच आठवड्यात.